हसाजी शेटचा शेजार

दामूचा फोन आला तेव्हा मी भिजवलेले वाल सोलत बसले होते. दामू माझा धाकटा भाऊ. तो फोनवर कधी तब्येत विचारत नाही, थेट मुद्द्यावर येतो. "बाय, खल्याच्या कडंला कोनी तरी दगड ठेवलेत," एवढंच म्हणाला.

खळ्याच्या कडेला दगड, यात घाबरण्यासारखं काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण आमच्या शहापूर-मुरबाडकडे दगड आपोआप येत नाहीत. आधी पांढरी गाडी येते, तिच्यातून कुणी तरी उतरतं, इकडे तिकडे बघतं आणि 'काय छान हवा आहे तुमच्याकडे' म्हणतं. मग दगड येतात. मग दगडांना चुना लागतो. आणि एक दिवस तुमच्या बांधावर तारेचं कुंपण उभं असतं आणि आतला कुत्रा तुमच्यावरच भुंकतो. नवा महामार्ग झाल्यापासून हे इतक्यांदा पाहिलं, की आता कुणी हवेची स्तुती केली तरी आम्ही सावध होतो. तसे आधीही आम्ही काही भोळे नव्हतो. माझ्या माहेरी, बेलशेतात, संशय घरोघरी मिठासारखा असतो, कमी पडला तर शेजारून आणतात.

"दगड कसले?" मी विचारलं.

"नदीतले, गुलगुलीत. रांगेत ठेवलेत. कोनी तरी निवडून आनलेत."

"हात लावू नको. मी येते."

मी राहते भातसानगरला, मुलाच्या क्वार्टरमध्ये. तो धरणावर नोकरीला आहे. तिथून शहापूर, शहापूरहून किन्हवलीची एसटी आणि पुढे रिक्षा. माहेर लांब नाही, पण गुडघे आता प्रत्येक पायरीला कुरकुरतात. दामू नाक्यावर उभाच होता. चालता चालता त्यानं सगळं सांगितलं. एक बाई येऊन जाते. ठाण्याची गाडी, डोक्यावर कापडी टोपी, वय पन्नाशीचं. कुणाशी बोलत नाही. खळ्याभोवती फिरते, वाकून जमीन बघते, पावलं टाकत मनाशी काही तरी मोजते आणि जाते. शुक्रवारी आली होती ती उन्हं कलायच्या आत घाईघाईनं पळाली.

"शनवारी फिरकलीच नाय. रविवारी हाजर," दामू म्हणाला. "सरकारी मानूस रविवारी येतो काय? मंजे सरकारी नाय. मंजे दलाल."

"बोलते कशी?"

दामू जागच्या जागी थांबला. "तीच तर गंमत हाय, बाय. दुकानात तिनं पानी मागितलं. आपल्यासारकी बोलते. आपल्यासारकी पन नाय, आपला आजा बोलायचा तशी. आता असं कोन बोलतं? कोनी तरी शिकवून पाठवलीय तिला."

त्याचं म्हणणं मला पटलं. आमच्या घरात एकानं संशय घेतला की दुसऱ्यानं त्याला हातभार लावायचा, हीच रीत आहे.

खळं गावाबाहेर, शेताच्या टोकाला. दामूनं ते नुकतंच चोपून, शेणानं सारवून तयार केलं होतं. मधोमध मेढ रोवलेली. पूर्वी मळणीचे बैल या खांबाभोवती फिरायचे. आता बैल गेले, भात यंत्रावर झोडतात, पण मेढ रोवल्याशिवाय दामू खळ्याला खळं म्हणत नाही. कडेला करवंदीची जाळी आणि जाळीच्या पुढ्यात तीन काळे पाषाण, अर्धेअधिक मातीत गेलेले. त्यांच्यावर ते गोटे होते. पांढरे, मुठीत मावतील असे. मधला पाषाण तेलानं चपचपीत झालेला.

चुना कुठे दिसत नव्हता. दामूला त्यातच थोडा धीर आला. मी मात्र गुडघ्यांची समजूत काढून खाली बसले, कारण मला वास आला होता. समोरच्या वरकस उतारावर खुरासणी फुलली होती, पिवळीच्या पिवळी, आणि त्या पाषाणाला खुरासणीच्याच तेलाचा जुना, खवट, ओळखीचा वास होता. हा वास मला पुष्कळ वर्षांनी आला होता.

करवंदीपासून हाकेच्या अंतरावर पूर्वी चार घरं होती आणि एक घाणा. ती घरं शनवार तेल्यांची. कोकणात ज्यूंना हे नाव पडलं, कारण धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद. आम्ही मात्र 'शेटची घरं' म्हणायचो. शेट म्हणजे हसाजी शेट. त्याला माझ्या पिढीतल्या कुणीच पाहिलेलं नाही. आगगाडी कल्याणच्या पुढे घाटाकडे सरकू लागली त्या काळात तो अलिबागच्या बाजूनं आला. एक बैल, बायको आणि घाण्याची लाट, म्हणजे उखळात फिरणारं लाकूड, एवढा संसार. समुद्र सोडून माणूस डोंगराकडे का यावा, हे त्यानं कधी सांगितलं नाही. न सांगणाऱ्या माणसाची गोष्ट आमचं गाव स्वतःच तयार करतं. काही तरी करून पळालाय, असं ठरलं आणि पुढची कित्येक वर्षं गाव ते तसंच धरून चाललं.

तो वाड्या-पाड्यांवरून खुरासणी, तीळ, मोहाच्या बिया म्हणजे मोहट्या घ्यायचा, घाण्यावर तेल काढायचा आणि मुरबाडच्या, किन्हवलीच्या बाजारात न्यायचा. बाकीचे दिवस घाणा कुरकुरत असायचा आणि शनिवारी एकदम गप्प. गावाला हे सहन होईना. पोटापाण्याचा धंदा बंद ठेवून हा माणूस दिवसभर करतो तरी काय? म्हणून पाटलानं एका गड्याला शनिवारी पहाटेच आंब्यावर चढवून बसवलं. तो गडी उन्हं उतरेपर्यंत फांदीवर अवघडून बसला, खाली आला आणि म्हणाला, "कायच करत नाय. ओट्यावर बसून ऱ्हातो." हे ऐकल्यावर तर गावाची खात्रीच झाली. दिवसभर काहीच न करणारा माणूस नक्की काही तरी लपवतो.

मग शेटनं किनाऱ्यावरून आपली माणसं बोलावली, एकेकाला घर बांधून दिलं, ओटीला लागून प्रार्थनेची कौलारू खोली काढली. विहीर खणली आणि ती सगळ्यांना मोकळी ठेवली, वरच्या वाडीतल्या ठाकर आदिवासींनासुद्धा. पाणी फुकट देतो म्हणजे पाण्यात काही तरी घातलंय, असं म्हणून गावानं तो उन्हाळा लांबच्या डोहावरून पाणी वाहिलं. वाडीवाले मजेत शेटच्या विहिरीचं पीत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची पोरं चांगली गुटगुटीत झालेली बघून मग गावातल्या बायका हळूच घागरी घेऊन यायला लागल्या. ही गोष्ट आमच्याकडे आमची हुशारी म्हणून सांगायचे. शेटच्या घरात तीच गोष्ट आमच्यावर हसत सांगायचे, आणि मी दोन्हीकडे ऐकलेली आहे, कारण शेटची पणती, शेगुला नावाची, माझी मैत्रीण होती.

तिला सगळे शेगू म्हणत. माझ्यापेक्षा लहान, पण माझ्यावर हुकूम सोडणारी. आम्ही दोघी घाण्याच्या खोलीत पेंडीच्या ढिगावर बसायचो. गरम पेंड हातात घेतली की तिचा वास दिवसभर बोटांना राहायचा. बैल डोळ्यांवर झापड लावून गोल गोल फिरायचा, लाट उखळात करकरायची आणि खाली तेलाची धार इतकी बारीक पडायची, की ती हलतेय की नुसती दिसतेय ते कळायचं नाही. शेगूचे वडील अधूनमधून बैलाशी बोलायचे. माणसांशी त्यांना फारसं बोलावं लागत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे काचेच्या पेल्यात दिवा लागायचा. खाली पाणी, वर तेल, तेलावर वात. शेगूची आई पदर डोक्यावर घेऊन दिव्यापुढे डोळे झाकायची आणि ओठातल्या ओठात काही तरी म्हणायची. दिवा पाण्यावर जळतो म्हणजे यात काही तरी आहे, असं माझी आई म्हणायची. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली एक छोटी नळी होती, येता-जाता सगळे तिला बोटं लावून ओठांना लावायचे. आईच्या मते त्या नळीत गावाची नजर बांधून ठेवली होती. एकदा मी हळूच बोट लावलं आणि रात्रभर ताप येण्याची वाट बघत पडून राहिले. ताप आला नाही, थोडी निराशाच झाली.

त्यांच्या घरी मलिदा व्हायचा, एलियाहू नबीच्या नावानं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर केळ्याच्या आणि खजुराच्या फोडी. सब्ज्याची डहाळी हातोहात फिरायची, जो तो वास घ्यायचा. पानात गुंडाळून मलिदा आमच्याकडे यायचा. आई तो आधी देवापुढे ठेवायची, वर तुळशीचं पान टाकायची, क्षणभर बघायची आणि मगच आम्हांला खायला द्यायची. तिचा शेटच्या माणसांवर राग नव्हता. सोयरीक सोडून बाकी सगळं त्यांच्याशी होतं. पण आधी तुळशीचं पान.

आणि आमच्याकडे जवळा भाजायला टाकला की शेगू उंबऱ्यापर्यंत येऊन थांबायची. खवलं नसलेली मासळी त्यांना चालत नसे. एकदा तिनं आपल्या आईला विचारलं, वास घेतला तर चालतो काय. आई म्हणाली, "वास कोनाच्या बापाचा नाय." त्यानंतर शेगू उंबऱ्यावर बसून डोळे मिटून जवळ्याचा वास घ्यायची. इतक्या मन लावून आमच्या घरात कुणी जवळा खाल्लाही नसेल.

शनिवारची शांतता मला अजून ऐकू येते. चुलीत विस्तव घालायचा नाही म्हणून आदल्या दिवशीचा भात आणि कालवण राखेच्या उबेत पुरून ठेवलेलं असायचं. बैल गोठ्यात बसून रवंथ करायचा, शेगूचे वडील ओट्यावर, तिची आई शेजारी. घाण्याची करकर बंद असली की ओढ्याचं पाणी ऐकू यायचं. सगळं गाव त्या दिवशी थोडं हळू बोलायचं, का ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग ती माणसं इस्रायलला गेली. आधी एक घर, मग दुसरं, शेवटी शेगूचं. एके सकाळी तिच्या वडिलांनी चौकटीवरची नळी काढून रुमालात बांधली. तिथं लाकडावर एक फिकट तिरकी रेघ राहिली. जाताना ते या खळ्यावर आले, तिन्ही पाषाणांपुढे उभे राहिले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "ध्यान ठेवा." हसाजी शेट, त्याची बायको आणि शेगूचा पाळण्यातच गेलेला भाऊ, हे तिघं इथं पुरलेले आहेत. वडिलांनी मान हलवली. शेगू गाडीत पाठमोरी बसली होती. रडत असेल असं मला वाटलं. मी मात्र रागावले होते, आणि तो राग पुष्कळ दिवस टिकला.

वडिलांनी ध्यान ठेवलं ते आपल्या पद्धतीनं. पाषाणांच्या बाजूला खळं घातलं, म्हणजे माणसांचा वावर राहील आणि जागा साफ राहील. खळं वर्षाला थोडं वाढतंच. एखादा भारा जास्त आला की हातभर जागा लागते. पुढं दामूनंही तसंच केलं. चोरी कुणी केली नाही, खळं पसरत गेलं. कागदावर ती जागा कुणाची, हे आम्ही तलाठ्याला कधी विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

आणि तेलाचं असं झालं, की वाडीतल्या एकाचा बैल आजारी पडला आणि तो मधल्या पाषाणावर तेल ओतून नवस बोलला. तेल्याचा देव, त्याला तेलच आवडणार. बैल बरा झाला. मग रीतच पडली. आणि तेल कधी वाहायचं? तर शनिवारी. शनवार तेली म्हणजे शनिवारच त्याचा वार, शिवाय मारुतीलाही तेल त्याच दिवशी. ज्या माणसानं जन्मभर शनिवारी तेलाला हात लावला नाही, त्याला दर शनिवारी तेलानं आंघोळ घडतेय. हे मी एकदा दामूला सांगितलं होतं. तो म्हणाला, "गप ऱ्हा बाय, नवस फिटतायत ना?"

गाडीचा आवाज आला तेव्हा आम्ही दोघं खळ्यावरच होतो. बाई उतरली, आम्हांला बघून थबकली. टोपी, हातात पाण्याची बाटली, पायात धुळीनं माखलेले बूट.

"कोन पायजे?" दामूनं विचारलं.

"कोन नाय. नुसती बगतेय."

दामूनं माझ्याकडे पाहिलं. दलाल हेच म्हणतात.

"हे दगड तू ठेवलेस?" मी विचारलं.

"व्हय." तिनं टोपी काढली. "आमच्यात फुलं नाय ठेवत, दगड ठेवतात. कोनी तरी येऊन गेलं, एवढं त्यांना कलावं म्हनून."

"नाव काय तुझं?"

"याएल."

"आडनाव?"

"आईचं, लग्नाआदीचं, बेलशेतकर."

बेलशेतात बेलशेतकर आडनावाचं एकही घर नाही. जो गावात राहतो त्याला गावाचं नाव कशाला लागेल? ते जाणाऱ्यांना लागतं. शेगूच्या घरानं ते जाण्याआधीच लावलं होतं, हे मला शाळेच्या हजेरीपासून माहीत होतं. तरी मी सावधच राहिले. आडनाव काय, कुणीही घेईल.

"शेगूची कोण?"

"लेक," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तू ती मावशी काय? जवल्याची?"

"असं कोनी पन म्हनंल," दामू माझ्या कानाशी पुटपुटला. पण जवळ्याचं दलालाला कोण सांगणार, हे त्यालाही कळत होतं. याएलनं फोन काढला, बटणं दाबली आणि पडदा माझ्यासमोर धरला. त्यात एक सुरकुतलेला चेहरा होता, पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा. त्या चेहऱ्यात मी शेगूला शोधत होते आणि तो चेहरा माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होता.

"ही ती नाय," फोनमधली म्हातारी म्हणाली. "ती काली व्हती."

"म्हातारपणी उजळले मी," मी म्हटलं.

"कोनी पन उजलंल. सांग, आमच्या घान्याच्या बैलाच्या डोल्यावर काय बांदलेलं?"

"झापड. तुझ्या आईच्या लुगड्याची."

"सगल्यांच्याच बैलाला बांदतात. रंग बोल."

मी डोळे मिटले. पेंडीचा वास, लाट, फिरणारा बैल. "हिरवी," मी म्हटलं.

"चूक. लाल."

"हिरवी होती, शेगू. काठ पिवळा."

तिनं चष्मा वर सरकवला. मग तिच्या तोंडाच्या कडेला ते जुनं हसू आलं, हुकूम सोडण्याआधीचं. "हिरवीच व्हती. मी बगत व्हते, तू माजं ऐकून फिरतेस काय. कशी हायेस, गो?"

मी फोन याएलच्या हातून घेतला आणि तिला गुडघ्यांची तक्रार सांगायला लागले.

बाकीचं याएलनं सांगितलं. शेगू लेकीबरोबर इस्रायलहून आली होती आणि ठाण्याला नातेवाइकांकडे होती. आता परत जाणार नाही म्हणत होती. आजार बरा होणारा नव्हता. तिला भावाच्या शेजारी, पणजोबाच्या रांगेत जागा हवी होती. पावलांनी याएल तेच मोजत होती. आईनं सांगितलं होतं, मधल्या पाषाणापासून उगवतीकडे इतकी पावलं, तिथं भाऊ आणि त्याच्या पलीकडे मोकळी जागा.

"मग आल्या आल्या हे बोलली का नाहीस?" मी विचारलं.

याएल ओशाळली. "आई म्हनाली, आदी कायच बोलू नको. बेलशेतचे लोक लय संशयी. नुसतं बगून ये."

याएलनं दाखवलेल्या जागी दामूची मेढ उभी होती.

"मंजे जागा पायजेच," दामू म्हणाला. त्याच्या आवाजात विजय होता, कारण त्याचा संशय खरा ठरला होता.

"व्हय," याएल म्हणाली. "साडेतीन हात."

दामूनं गेले कित्येक दिवस भांडणाची तयारी केली होती. एकरांसाठी, गुंठ्यांसाठी, वकिलासाठी. साडेतीन हातांना काय म्हणायचं याची तयारी त्याच्यापाशी नव्हती. तो खळ्याकडे बघत राहिला. "सारवून झालंय यंदाचं," तो म्हणाला. "भात येऊन पडंल चार दिसांत." मग तो पाषाणांपर्यंत गेला आणि खळ्याची कड कुठून कुठे आली ते त्यानं वाकून पाहिलं. आमचे वडील इथं उभे राहून मान हलवत होते, हे त्यालाही आठवत असणार. लहान होता, पण वडिलांचा हात धरून होता.

"एकदा जागा दिली, की मागून अख्खी भावकी येईल," तो मला म्हणाला. "पुरायला."

"येऊ दे. पुरलेला माणूस कुंपण घालत नाही."

दामूनं पहार आणली. मेढ माती ओली करून ठोकलेली असते, सहज निघत नाही. त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. एकट्यानं हलवून हलवून ती उपटली, खड्डा बुजवला, त्यावर पाय दाबला. नवं सारवलेलं खळं तिथं फाटलं. त्याला वाईट वाटलं ते लपलं नाही.

शेगू पुढच्या रविवारी आली. याएलनं आणि दामूनं दोन्ही बाजूंनी धरून तिला खळ्यावर आणलं आणि खुर्चीत बसवलं. उरली होती मूठभर, पण नजर तशीच. मी तिचा हात हातात घेतला, तो सुकलेल्या पानासारखा हलका होता. तिनं माझी बोटं नाकापाशी नेली, वास घेतला आणि परत दिली. पाषाणावरचं तेल बघून तिनं विचारलं आणि शनिवारचं कळल्यावर ती इतकी हसली, की याएलला तिची पाठ चोळावी लागली. "पनजोबाला? शनवारी? अरे, तो खाली चडफडत असंल." दामूला हे आवडलं नाही, नवसाचा प्रश्न होता.

मग तिनं काठीनं जागा आखली. डोकं इकडे, पाय तिकडे. करवंदीची सावली दुपारी कुठवर येते ते दामूला विचारलं. "तू दामू ना? शेंबड्या?"

"व्हय," दामू म्हणाला. साठी ओलांडलेला माणूस, नाक पुसायला त्याचा हात वर गेला.

"खलं कुटं नेलंस?"

"त्या अंगाला सरकवलंय. बग की, केवडं लांब हाय."

तिनं बघितलं. बराच वेळ, डोळे बारीक करून. दामू चहा आणायला घराकडे वळला, तसं तिनं मला खाली वाकायला लावलं. तिच्या श्वासाला औषधांचा वास होता.

"गो, मी गेल्यावर हा खलं परत आनील," ती कानात म्हणाली. "एकदम नाय. एक भारा जास्त आला की हातभर, मंग आनकी हातभर. माज्या पोटावर भात झोडतील. तू ध्यान ठेव."

"शेगू, मी तुझ्याहून मोठी," मी म्हटलं. "गुडघे गेले, एका कानानं ऐकू येत नाही. मी कितीशी राहणार?"

"तुजा पोरगा?"

"तो धरणावर. त्याला इथलं काय?"

तिनं मान हलवली. दामू चहाचे पेले घेऊन बांधावरून येत होता, जपून, सांडू नये म्हणून पावलं मोजत. शेगू त्याच्याकडे, मग नव्या खळ्याकडे, मग आपल्या आखलेल्या जागेकडे बघत राहिली. तिचा हिशेब जुळत नव्हता, हे मला दिसत होतं.

"मंग मीच थांबते जरा," ती म्हणाली. "तुज्या भावावर माजा भरवसा नाय."